न खोकणाऱ्याचीही काळजी घ्या

वाचकाचे पत्र

माननीय डॉक्टर, आम्ही चेंबूरच्या टिळकनगरमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या गल्लीत तीन ठिकाणी पुनर्विकासाची कामे चालू आहेत आणि सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोट फिरवले की रेघ उमटते. माझा सात वर्षांचा मुलगा दिवाळीपासून रात्री आणि पहाटे खोकतो, धावला की जास्तच. डॉक्टरांनी पंप लिहून दिला आहे. पण त्याची सवय लागेल म्हणून सासूबाई तो देऊ देत नाहीत, त्यामुळे खोकल्याचे पातळ औषधच चालू आहे. सासरे ६८ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ते रोज पहाटे साडेपाचला हायवेच्या सर्व्हिस रोडने तासभर चालतात. नको म्हटले तर म्हणतात, "लालबागला गिरण्यांच्या धुरात वाढलो, मला काय झाले?" मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये हवेचा आकडा १४० दिसतो आणि दुसऱ्यात त्याच वेळी १६०. कोणता खरा मानावा? प्युरिफायर घ्यावा का? यजमानांना साताऱ्याला बदली मिळू शकते, तर मुंबई सोडावी का? आणि नणंद सातव्या महिन्यात आहे. ती पुढच्या महिन्यात बाळंतपणाला इथे येणार आहे. तिला येऊ द्यावे का?

सदरलेखिकेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मुलाच्या खोकल्याने सुरू होते आणि आईच्या मनात तोच सर्वांत वर असणार, हे मी समजू शकते. तरीही पत्र वाचताना मला अधिक धास्ती वाटली ती सासऱ्यांविषयीच्या ओळींची. मुलाच्या त्रासावर चांगला उपचार उपलब्ध आहे, तो तुमच्या घरात पोहोचलेलाही आहे, फक्त वापरला जात नाही. सासऱ्यांना मात्र आपल्याला काही धोका आहे हेच मान्य नाही. आणि बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जगभर जे अकाली मृत्यू होतात, त्यांतले निम्म्याहून अधिक हृदयविकाराने आणि पक्षाघाताने होतात. जो खोकत नाही त्याला हवा बाधत नाही, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तो अनेक घरांना महागात पडतो. म्हणून मुलाविषयी आधी लिहिते, पण सासऱ्यांविषयी सविस्तर लिहिते.

त्याआधी त्या कट्ट्यावरच्या धुळीविषयी. ती डोळ्यांना दिसते, म्हणून तिची चीड येते. परंतु तिच्यातले बहुतेक कण जाडसर असतात आणि नाकातले केस व घशातला ओलसर थर त्यांतले पुष्कळ अडवतात. त्यांतले दहा मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण श्वासनलिकांपर्यंत उतरतात, तिथे सूज आणतात आणि दमा असलेल्या मुलाला खोकत ठेवतात, त्यामुळे ती धूळ निरुपद्रवी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. खरा घात करणारे कण मात्र अडीच मायक्रॉनहून लहान असतात, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून त्यांच्या आकाराचा अंदाज यावा. हे कण डिझेलच्या धुरातून, जाळलेल्या कचऱ्यातून, कारखान्यांच्या धुराड्यांतून, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्यांतून येतात आणि काही तर हवेतल्या वायूंपासून हवेतच तयार होतात. ते फुप्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. कट्ट्यावर त्यांची रेघ उमटत नाही. चौथ्या मजल्यावर ते कमी असतील असेही समजू नका, कारण इतके हलके कण बाराव्या मजल्यावरही सहज पोहोचतात.

दिवाळीनंतरच हा त्रास का सुरू झाला, याचेही कारण आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे आणि सरी मुंबईची हवा धुऊन काढतात. पाऊस परतला की वारे मंदावतात, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात आणि दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुरू होतात. त्यातच हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार असा उलटा थर बनतो, आणि पातेल्यावर झाकण ठेवावे तसा शहराचा सगळा धूर खालीच कोंडला जातो. हे झाकण पहाटे सर्वांत घट्ट असते. ऊन चढले, वारा सुटला की ते उघडते. तुमच्या सासऱ्यांची चालण्याची वेळ नेमकी कोंडलेल्या हवेची आहे, हे इथेच लक्षात घ्या.

आता मुलाविषयी. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. परंतु रात्री आणि पहाटे वाढणारा, धावल्यावर उसळणारा आणि ऋतू पालटताना सुरू होणारा खोकला हे दम्याचे नेहमीचे रूप आहे, आणि ज्या डॉक्टरांनी त्याला तपासले त्यांनी पंप दिला आहे, त्याअर्थी त्यांनाही तेच वाटले असावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयरोग नाही याची खात्रीही करून घ्यायला हवी. वजन कमी होत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा घरात कोणाला क्षय झालेला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. सात वर्षांचे मूल फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, बहुधा नीट करू शकते. ती झाली नसेल तर विचारा.

पंपाची सवय लागत नाही. सासूबाईंना हे सांगताना वाद घालू नका, एक साधा हिशेब दाखवा. सालब्युटामॉल या औषधाच्या पंपातून एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध निघते. त्याच औषधाच्या पाच मिलिलिटर सिरपात २ मिलिग्रॅम असते, म्हणजे वीसपट. सिरप पोटात जाते, रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते, हात थरथरवते, छातीत धडधड वाढवते आणि मग त्यातले थोडेसे फुप्फुसात पोहोचते. पंप औषध जिथे हवे तिथेच टाकतो. जी माणसे "पंपाशिवाय चालत नाही" म्हणताना दिसतात, त्यांचा आजार तसा असतो. चष्मा लावल्याने कोणाची नजर अधू होत नाही, हे सासूबाईंनाही ठाऊक असेल.

पंप दोन प्रकारचे असतात हेही घरातल्या सगळ्यांना कळू द्या. एक धाप लागल्यावर लगेच आराम देतो. दुसऱ्यात अल्प मात्रेतले स्टिरॉइड असते. तो श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवतो आणि बरे वाटत असले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत रोज घ्यावा लागतो. पुष्कळ घरांत पहिलाच पुन्हा पुन्हा वापरला जातो आणि दुसरा "खोकला थांबला" म्हणून कपाटात पडतो. दमा बळावतो तो इथे. मुलाला पंप नुसता तोंडात धरून देऊ नका, त्याला स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर साठवणारी पोकळ नळी, लावा. पंप हलवून स्पेसरला जोडायचा, मुलाने ओठ घट्ट मिटून धरायचे, एक फवारा सोडायचा, पाच-सहा वेळा शांतपणे श्वास घेऊ द्यायचा आणि दुसरा फवारा असेल तर थोडे थांबून द्यायचा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावायची. मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, त्याला एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरच्या उपायांत एक मिनिटही घालवू नका. आराम देणारा पंप देत देत त्याला रुग्णालयात न्या.

लहान मुलांना ही हवा अधिक का लागते, तेही सांगते, म्हणजे त्याला "नाजूक" ठरवले जाणार नाही. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, ते अधिक धावते, त्याचे नाक गाड्यांच्या धुराच्या नळीच्या अधिक जवळ असते आणि त्याची फुप्फुसे पुढची दहा-बारा वर्षे वाढतच राहणार असतात. या वाढीच्या काळात हवा वाईट राहिली, तर फुप्फुसांची क्षमता जितकी व्हायला हवी तितकी होत नाही. याची दुसरी बाजूही खरी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची मोजणी वर्षानुवर्षे झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले की तिथली हवा जसजशी सुधारली, तसतशी पुढच्या तुकड्यांतील मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारली, आणि हा फायदा दमा असलेल्या मुलांनाही झाला. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याच्या वाट्याचा धूर आज कमी केला, तर त्याचा उपयोग होण्याइतका वेळ त्याच्या हाती आहे.

मोबाइलवरचे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, कारण दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. हवेच्या गुणवत्तेच्या भारतीय निर्देशांकात पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले की आकडा १०० येतो. अनेक परदेशी ॲप अमेरिकी पट्टी वापरतात आणि तिच्यात त्याच हवेचा आकडा १५० च्या वर जातो. तुम्ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' हे ॲप धरून चाला, मात्र तो आकडा बहुधा मागच्या २४ तासांची सरासरी असतो हे विसरू नका. पहाटेची हवा त्याहून वाईट आणि दुपारची त्याहून बरी असू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १०१ ते २०० या पट्ट्याला "मध्यम" म्हटले आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच सरकारी कोष्टकात या पट्ट्यासमोर लिहिले आहे की दमा असलेल्यांना, हृदयरुग्णांना, मुलांना आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो, आणि तुमच्या घरात हे सगळेच आहेत. आपली २४ तासांची मर्यादा ६० असली, तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी १५ आहे. मर्यादेच्या आत असणे आणि निर्धोक असणे यांत एवढे अंतर आहे.

सासऱ्यांकडे येते. सूक्ष्म कण वायुकोशांत रुतले की तिथे सूज येते आणि तिचे पडसाद रक्तातून सगळीकडे उमटतात: रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकते आणि धमन्यांतल्या मेदाच्या गाठी फुटण्याची शक्यता वाढते. अँजिओप्लास्टीत धमनी उघडी ठेवायला बसवतात ती जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, ज्या माणसाच्या धमनीत आहे, त्याच्या बाबतीत ही दूरची शक्यता राहत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये स्पष्टपणे मांडले की अशा हवेत काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत राहण्यानेही हृदयविकाराचा झटका येण्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. वर्षानुवर्षांचा परिणाम तर याहून मोठा. या सगळ्यात खोकला येईलच असे नाही. पुष्कळांना तो येत नाही.

तरीही त्यांचे चालणे बंद करा, असे मी कदापि सांगणार नाही. अँजिओप्लास्टीनंतर रोजचे चालणे औषधाइतकेच गरजेचे आहे, आणि "हवा खराब आहे" म्हणून घरी बसलेला हृदयरुग्ण दुसऱ्या बाजूने नुकसान करून घेतो. प्रश्न वेळेचा आणि वाटेचा आहे. लंडनमध्ये साठी ओलांडलेल्या लोकांना, ज्यांत हृदयरुग्ण आणि जुनाट श्वसनविकाराचे रुग्णही होते, एकदा हाइड पार्क या मोठ्या बागेत आणि एकदा डिझेल बसगाड्यांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर प्रत्येकी दोन तास चालायला लावून त्यांची फुप्फुसे आणि धमन्या तपासल्या गेल्या. २०१८ मध्ये आलेल्या या अभ्यासात बागेतल्या चालण्याने फुप्फुसांची क्षमता वाढली आणि धमन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावरच्या चालण्याने हा लाभ बराचसा वाया गेला. माणसे तीच, वेळ तेवढाच, शहरही तेच. तुमचे सासरे कष्ट बागेतले करतात आणि फळ रस्त्याचे घेतात, एवढेच त्यांना सांगायचे आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांनी दुपारी चारच्या सुमारास चालावे. तेव्हा वारा असतो, ऊन उतरलेले असते आणि संध्याकाळची वाहतूक पुरती सुरू झालेली नसते. ते जमत नसेल तर सकाळी ऊन चांगले वर आल्यावर, पण पहाटे नको. हायवे सोडून वसाहतीच्या आतल्या गल्ल्या किंवा मैदान निवडावे. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेले तरी गाड्यांच्या धुराचा जोर बराच कमी होतो. रस्त्याच्या कडेने जाणे टळत नसेल तेव्हा एन ९५ मास्क वापरावा, आणि तो गालाला व नाकाला सगळीकडून चिकटलेला असावा. रुमाल, कापडी पट्टी किंवा साधा निळा मास्क सूक्ष्म कणांपुढे फारसा टिकत नाही. मास्क लावून चढाला दम लागत असेल तर तो उतरवून वाट बदलावी. सात वर्षांच्या मुलाला मात्र मोठ्यांचा एन ९५ लावून उपयोग नाही, कडेने हवा शिरतेच.

गिरण्यांच्या मुद्द्याला उत्तर देताना त्यांचा मान राखा, कारण त्या आठवणीत त्यांचे सगळे बालपण आहे. पण त्याच गिरण्यांत कापसाच्या धुळीने कामगारांची छाती बांधली जायची, त्या आजाराला बिसिनोसिस हे नाव आहे, आणि दम लागून अकाली घरी बसलेली माणसे त्यांच्या चाळीतही असतील. "मला काही झाले नाही" हे सांगायला जी माणसे उरतात, त्यांच्याकडून आपण ते ऐकतो. ज्यांना झाले ते सांगायला येत नाहीत. शिवाय त्या वयात त्यांच्या धमन्या कोऱ्या होत्या, आज तशा नाहीत. हे सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलेले त्यांना पटेल. पुढच्या तपासणीला तुम्ही किंवा यजमान सोबत जा आणि चालण्याच्या वेळेचा प्रश्न त्यांच्यासमोरच विचारा. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या ते नियमित घेतात ना, तेही पाहा. फ्लू आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची) या लशींविषयी त्याच वेळी विचारून घ्या. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अकारण घाम, यांना पित्त म्हणून सोडा पिऊन थांबायचे नाही, हेही घरात ठरवून ठेवा.

प्युरिफायर घ्यावा का? परवडत असेल तर मुलगा झोपतो त्या खोलीपुरता घ्या, पण तो शेवटी. आधी घरातला धूर बंद करा, कारण बाहेरच्या हवेवर तुमचा ताबा नाही आणि यावर आहे. डासांची एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे एका अभ्यासात मोजले गेले आहे. दमेकरी मुलाच्या पलंगाखाली रात्रभर कॉइल जळत ठेवायची आणि दिवसा बांधकामाला दोष द्यायचा, हे मी अनेक चांगल्या घरांत पाहिले आहे. खिडक्यांना जाळी बसवा, मच्छरदाणी लावा. देवापुढे समई किंवा निरांजन लावा आणि उदबत्ती लावायचीच असेल तर एकच, उघड्या खिडकीपाशी. धूपाचे कप बंद दारांआड नकोत. फोडणी देताना, तळताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. केरसुणीने कोरडा केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. खिडक्या पहाटे आणि समोर तोडफोड चालू असताना लावून घ्या, दुपारी वारा असेल तेव्हा उघडा. दिवसभर बंद ठेवलेल्या घरात स्वयंपाकाचा धूर आणि ओल साचते, तीही दम्याला वाईटच.

यंत्र घेताना सूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर आणि स्वच्छ हवा पुरवण्याचा वेग, म्हणजे सीएडीआर, एवढे दोनच पाहा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला ताशी १७० घनमीटरच्या आसपास वेग पुरतो. लहान यंत्र मोठ्या हॉलमध्ये ठेवून काही साधत नाही. ओझोन किंवा आयन सोडणारी यंत्रे घेऊ नका, ओझोन स्वतःच श्वासनलिका चाळवतो. साधा एसी तीच हवा फिरवतो, ती गाळत नाही. कुंडीतली झाडे डोळ्यांना सुख देतात, पण खोलीतले सूक्ष्म कण काढण्याइतके काम ती करत नाहीत. आणि गूळ खाल्ल्याने फुप्फुसांतली धूळ निघते हेही खरे नाही. मधुमेह असेल तर तो गूळ उलट त्रासच देईल.

समोरच्या बांधकामाविषयी हताश होऊ नका. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम घालून दिले आहेत. एक एकराहून मोठ्या जागेभोवती किमान ३५ फूट आणि लहान जागेभोवती २५ फूट उंच पत्रे हवेत, इमारत हिरव्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकलेली हवी, राडारोडा उतरवताना पाणी फवारायला हवे, ट्रक झाकलेले आणि चाके धुऊन बाहेर पडलेले हवेत. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली होती, आणि डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा व बोरिवली पूर्व इथली बांधकामे पालिकेने थांबवलीही होती. गॅलरीतून तीन-चार दिवस तारीख-वेळेसह छायाचित्रे घ्या, यांतला कोणता नियम मोडला जातो ते नेमके लिहा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर पालिकेच्या एम पश्चिम विभागाच्या सहाय्यक आयुक्तांना अर्ज देऊन त्याची पोच घ्या; पालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही अर्जात घाला. "धुळीचा त्रास होतो" एवढ्या मोघम तक्रारीचे काही होत नाही. त्या अर्जात एक ओळ तिथल्या मजुरांसाठीही लिहा, ही माझी मनापासूनची विनंती आहे. सिमेंट-वाळूच्या धुळीतली सिलिका त्यांच्या छातीत रोज जाते, फुप्फुसे कायमची निकामी करत जाणारा सिलिकोसिस होतो तो त्यांना, आणि त्यांची लेकरे त्याच पत्र्यांच्या आत झोपतात.

केवळ हवेसाठी घाईने मुंबई सोडावी असे मला वाटत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली दीड डझनाहून अधिक शहरे आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूरही त्यांत आहेत. साताऱ्याची हवा सरासरीने बरी असेल, पण तिथे घरात चूल पेटत असेल किंवा शेजारच्या शिवारात उसाचे पाचट जाळले जात असेल, तर मुलाला तिथेही धाप लागेल. नोकरी, शाळा, आई-वडिलांची सोय या कारणांनी बदली हवीच असेल तर जरूर घ्या आणि हवा हा त्यातला एक फायदा समजा. मात्र पंप नियमित घेऊन, स्पेसर नीट वापरून, घरातला धूर बंद करूनही दोन-तीन महिन्यांत मुलाच्या रात्री सुधारल्या नाहीत, त्याला वारंवार रुग्णालयात न्यावे लागले, तर मी माझे मत बदलेन आणि तुम्हीही बदला. तोवर हिवाळ्यात शाळेतल्या सकाळच्या मैदानी तासाविषयी शिक्षकांशी बोलून ठेवा. त्याचा खेळ बंद करू नका, आकडा २०० च्या वर असेल त्या दिवशी तो वर्गात किंवा सभागृहात खेळू द्या.

नणंदेला येऊ द्या. गरोदरपणी प्रदूषित हवेत राहिल्याने बाळाचे वजन कमी भरण्याची आणि वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता वाढते हे खरे आहे, पण शेवटच्या महिन्यांत ओळखीचे रुग्णालय जवळ असणे आणि माहेरची माणसे हाताशी असणे याचे मोल त्याहून मोठे आहे. इथल्या नव्या डॉक्टरांना तिची सगळी कागदपत्रे लवकर दाखवा. तिला बांधकामाच्या विरुद्ध बाजूची खोली द्या, प्युरिफायर घेतलात तर बाळंतपणानंतर तो तिथे हलवा, तिलाही चालायचे असेल तर सासऱ्यांसोबत दुपारीच चालू द्या. आणि बाळ झाल्यावर घरात धुरीचा विषय निघेल, तेव्हा ठाम राहा. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेप टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची पद्धत प्रेमापोटीच आलेली आहे, पण नवजात बाळाच्या इवल्या श्वासनलिकांना तो धूर सोसत नाही आणि बंद खोलीतल्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जिवावरही बेतू शकतो. तेल लावणे, कोमट पाण्याची अंघोळ, अंगभर गुंडाळलेले मऊ सुती कापड, आईच्या छातीची ऊब, हे सगळे खुशाल करा. ओवा आणि बाळंतशेप बाळंतिणीला सुपारीसारखी चघळायला द्या, निखाऱ्यांवर टाकू नका.